बोचक्यातल्या सायकली

तिकीट खिडकीतल्या माणसाने दोन्ही हात छातीपुढे धरून त्यांची फुली केली.

“हे काय करून राहिला हा?” विहीणबाईंनी विचारलं.

“नाही म्हणतोय.”

“मग तोंडानं म्हणावं न!”

“तोंडानंही म्हणतोय. आपल्याला कळत नाही म्हणून हातानं दाखवतोय.”

विहीणबाईंनी तिथल्या तिथे आपल्याही हातांची तशीच फुली केली आणि त्याच्या फुलीसमोर धरली. म्हणजे तुमचा नकार आम्हाला नामंजूर. तो बिचारा भांबावला आणि कुणाला तरी विचारायला आत गेला.

आठ वर्षं झाली याला. नागासाकीचं बंदर, ऑक्टोबरातली लख्ख सकाळ. सव्वानऊला हिनोसे नावाच्या बेटाची बोट सुटणार होती. दिवसातून एकच. हिनोसे म्हणजे नकाशावर माशी बसली तर झाकून जाईल एवढं बेट, बोटीने पावणेतीन तासांवर. तिथे मला दोन घडीच्या सायकली, एक विहीण आणि एक बॅग एवढं घेऊन जायचं होतं. मुलाला न घेता. माझं घर माझ्याकडे राहणार की नाही, हे त्यावर ठरणार होतं.

घर कराडजवळ. मी तेहतीस वर्षं एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण आला म्हणून दाखवून मागच्या दाराने निघून गेलं, हे टिपायचं काम. त्या नोकरीच्या जोरावर आम्ही ते चार खोल्यांचं घर बांधलं. आमचे हे गेल्यावरही मी तिथेच राहिले, एकटी, आणि बरी राहिले. मग त्या वर्षी चैत्रात मी मोरीत घसरले आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तशीच पडून होते. गुडघा महिन्यात बरा झाला. कौस्तुभ, माझा मुलगा, अजून झाला नव्हता.

तो नागासाकीत जहाजं बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. जुलैत त्याला मुलगा झाला. परदेशातल्या बाळंतपणाची आपल्याकडे आता एक रीतच पडली आहे: व्हिसा नव्वद दिवसांचा, म्हणून आधी एक आजी जाते, तिचे दिवस भरले की दुसरी. मध्ये आठवडाभर दोघी एकत्र, चार्ज देण्याघेण्यासाठी. खरं तर पहिली पाळी माहेरची. पण अमरावतीच्या डॉक्टर वानखडेंना पावसाळ्यात दवाखाना आणि जेवणाचं ताट दोन्ही वेळेवर लागतं, त्यामुळे त्यांनी बायकोला ऑक्टोबरात सोडलं. ही बायको म्हणजे माझ्या सुनेची, मृण्मयीची आई, कुमुदताई. लग्नाला पाच वर्षं झाली तरी आम्ही एकमेकींना विहीणबाईच म्हणायचो आणि एकमेकींच्या स्वयंपाकाचं जरा जास्तच कौतुक करायचो. यावरून आमचं कितपत जमत होतं ते कळावं.

चार्ज देण्याच्या दुसऱ्याच दिवशी कौस्तुभने जेवणाच्या टेबलावर एक फॉर्म ठेवला. पुण्याजवळच्या ज्येष्ठ निवासाचा. सगळा त्यानेच भरलेला. आवडीनिवडीच्या रकान्यात ‘भजन’ लिहिलं होतं. मी जन्मात भजन म्हटलेलं नाही.

“फक्त सही कर, आई. घराचं मी बघतो.”

“घराला काय झालंय बघायला?”

“तू एकटी राहू शकत नाहीस, हे आता मान्य कर.”

“कोण म्हणतं?”

“मोरीतले दोन तास म्हणतात.” मग जरा मऊ आवाजात, “आई, तीन महिन्यांत तू इथे एकटी ट्रामच्या स्टॉपपर्यंत तरी गेलीस का?”

“तू जाऊ दिलंस का?”

फ्रिजवर बोटींचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. मी उठले आणि त्यातल्या सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय आहे?”

“हिनोसे. तिथे कुणी जात नाही.”

“मी जाते. एक रात्र राहते नि परत येते. तुझ्याशिवाय. आले की हा फॉर्म फाडायचा.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर सही.”

तो हसला. लहानपणी गोट्यांची पैज लावताना पुढे करायचा तसा हात पुढे केला. मी त्यावर टाळी दिली. ती टाळी देताना मी काय चूक करतेय हे मला कळलं नाही. कळायला दोन दिवस नि समुद्र लागला.

“मी पण जाते यांच्यासोबत,” स्वयंपाकघरातून विहीणबाई म्हणाल्या.

“मम्मी, तू?” मृण्मयी बाळाला खांद्यावर टाकून दारात आली. “आणि बाबांचा फोन आला तर?”

“दिवसातून तीनदा येते. कुठे आहेस, विचारते. बेचाळीस वर्षं एकच उत्तर देऊन राहिली मी, घरी. एकदा दुसरं देऊन पाहते.”

“पण बाळाचं कोण बघणार?” कौस्तुभ म्हणाला.

“बाळाचे आईबाप,” आम्ही दोघी एकदमच बोललो. पाच वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं होतं.

मृण्मयीने बेटावरची एक खोली फोनवरून ठरवून दिली आणि बाल्कनीत प्लॅस्टिकखाली पडलेल्या दोन घडीच्या सायकली झाडून काढल्या. हौसेने घेतलेल्या. पण नागासाकी म्हणजे नुसते चढ, तिथे सायकल चालवत कुणी नाही. “बेटावर एकच रस्ता आहे आणि रिक्षा नाही,” ती म्हणाली. मी नोकरीभर कारखान्यात सायकलवर गेले होते. विहीणबाई म्हणाल्या, शाळेत असताना त्या मैत्रिणीला डबलसीट घेऊन जायच्या. मी मनात म्हटलं, बघू. टाइम ऑफिसात माणूस गेटातून आत येतानाच तो काम करणार की हजेरी लावून सावलीत झोपणार, हे मी ओळखायची. या बाईची जमा मी दुसऱ्या खात्यात धरली होती.

तर तो खिडकीतला माणूस परत आला. पन्नाशीचा, चापून भांग पाडलेला. त्याने एक चित्र आणून आमच्यासमोर धरलं. त्यात सायकल पूर्ण पिशवीत होती, चाक नाही, हँडल नाही, काही दिसत नव्हतं. त्याने सायकलीवर बोट ठेवून फुली केली, पिशवीवर ठेवून मान हलवली. मला कळलं. सायकल म्हणून नेता येत नाही. सामान म्हणून नेता येते.

“पिशवी कुठून आणायची आता?” विहीणबाई म्हणाल्या. “सोडून जाऊ सायकली इथेच.”

“आणि कौस्तुभ म्हणेल, दारातच निम्मं टाकून गेली.”

मी माझी बॅग उघडली. तळाशी एक मोरपिशी साडी होती, अंगभर पोपट असलेली. मी ती काढली तशा विहीणबाई टक लावून बघायला लागल्या.

“ही तर मी दिलेली. लग्नातली मानाची.”

“उद्या बेटावर नेसणार होते. तुमच्यादेखत एकदाही नेसले नाही तर बरं दिसत नाही.”

त्यांनी आपल्या बॅगेची चेन ओढली आणि आतून एक डाळिंबी साडी काढली. ती मी दिलेली. धुतली की तिचा रंग जातो हे मला घेतानाच माहीत होतं.

“मी पण ह्याच कारणानं आणली,” त्या म्हणाल्या. “आवडले का तुम्हाला ते पोपट?”

“खरं सांगू?”

“नका सांगू.”

मग आम्ही बंदराच्या त्या चकाचक दालनात जमिनीवर बसलो आणि सायकलींची बोचकी बांधायला लागलो. माझी आई वाळवणाची बांधायची तशी: आधी आडवी, मग उभी, मग समोरासमोरची टोकं ओढून गाठ. “ओढा, विहीणबाई, दम नाही का हातात?” “दम आहे, तुमच्या साडीत नाही, टरकून राहिली ही!” दहाबारा माणसं बाकांवर बसून बघत होती. कुणी हसलं नाही. बहुधा त्यांना ही आमच्या देशातली पद्धत वाटली असावी.

खिडकीतला माणूस बाहेर आला. त्याने दोन्ही बोचक्यांना प्रदक्षिणा घातली. मग उकिडवा बसला आणि डाळिंबी बोचक्यातून बाहेर आलेल्या पेडलकडे बोट दाखवलं.

“पदर घे ग बाई जरा,” विहीणबाई सायकलीला म्हणाल्या आणि काठ ओढून पेडल झाकलं.

तो उठला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांचा मोठा गोल केला आणि कमरेत वाकला. सामान पास.

पण तिकिटावर त्याने लाल शिक्का मारला. आम्हाला कळेना तेव्हा कागदावर चित्र काढून दाखवलं: बंदर, बोट, बेट, बेटाकडे जाणारा बाण. आणि बेटाला न लागता परत येणारा दुसरा बाण. समुद्राच्या जागी त्याने मोठ्या लाटा काढल्या.

“म्हणजे निघेल, पण पोचेलच असं नाही?” विहीणबाईंनी विचारलं.

“तसंच दिसतंय.”

“लग्नासारखं आहे,” त्या म्हणाल्या आणि बोचकं उचललं.

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. वादळ म्हणे कुठेतरी हजार किलोमीटरवर होतं, पण त्याचे हेलकावे इथवर येत होते. कौस्तुभने सकाळी दारात सांगितलंच होतं, “मी जहाजं बांधतो, आई. ती किती हलतात मला माहीत आहे.” मी म्हटलं होतं, “हलणार नाहीत अशी बांध मग.”

बोटीत बूट काढून सतरंजीवर आडवं व्हायची सोय होती आणि सगळे सराईतपणे आडवे झाले होते. अर्ध्या तासात विहीणबाईंनी सकाळचे पोहे कागदी पिशवीत परत केले. पण तोंड पुसून म्हणाल्या काय, “आता हलकं वाटून राहिलं.” मी त्यांचं खातं बदललं.

आमच्या शेजारी ऐंशीच्या पुढची एक म्हातारी बसली होती. सुरकुतलेली, काटक, मांडीवर नवं कोरं फावडं, पात्याला वर्तमानपत्र गुंडाळलेलं. विहीणबाईंनी फोनमधलं भाषांतराचं यंत्र सुरू केलं. ते मराठीत बोललेलं समजून घेईना, म्हणून हिंदीत विचारलं, “आप अकेली रहती हैं?”

फोन जपानीत बोलला. म्हातारीने विचार करून उत्तर दिलं. फोन म्हणाला, “बिल्ली है.”

“बच्चे?”

“ओसाका.”

“अकेले डर नहीं लगता?”

या प्रश्नावर ती फोनकडेच संशयाने बघायला लागली. प्रश्न चुकून भलताच गेला असावा, अशी. मग काहीतरी बोलली. फोन म्हणाला, “आलू अब निकालना है.” बटाटे काढायला आलेत. विहीणबाईंनी दोनदा विचारून बघितलं. दोन्ही वेळा बटाटेच आले.

बारा वाजता हिनोसे दिसलं. काळा कडा, वर हिरवळ, खाली सिमेंटचा लांबोडा धक्का. धक्क्यावर हेल्मेट घातलेली सहा माणसं उभी होती. आम्ही बोचकी घेऊन दाराशी गेलो. बोट धक्क्याला भिडायला आली, दोर फेकला, त्यांनी तो खुंटाला अडकवला, आणि पाण्याने आख्खी बोट वर उचलली. दोर ताणून किंचाळला. धक्का आमच्या पायाखाली गेला आणि परत डोक्याएवढा वर आला. त्यांनी दोर सोडला. बोट मागे गेली, वळून पुन्हा आली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती इतकी जवळ गेली की धक्क्यावरच्या एका माणसाचा पडलेला दात मला दिसला. चार हात. माझं घर माझ्यापासून चार हातांवर होतं.

मग भोंग्यातून कप्तान काहीतरी बोलला. धक्क्यावरची सहाही माणसं ओळीने वाकली आणि लहान होत गेली.

म्हातारीने फावडं बाजूला ठेवलं नि सतरंजीवर पडली. मी तिच्याकडे बघत होते. तिने एक डोळा उघडला आणि म्हणाली, “आशिता.”

“कल,” फोन म्हणाला.

परतीच्या पावणेतीन तासांत विहीणबाईंनी एकदा माझ्या पाठीवर हात ठेवून काढून घेतला. ती म्हातारी हरली नव्हती. तिचंही घर समोर दिसत असताना बोट वळली होती, आणि ती घोरत होती. घरी जाता येतं की नाही याची परीक्षा तिने कुणाला दिली नव्हती, म्हणून तिला नापासही होता येत नव्हतं. मी मात्र बांधलेल्या घरात राहायची परवानगी पैजेवर लावून बसले होते. तीही स्वतःच टाळी देऊन.

बंदरावर कौस्तुभ उभा होता. ऑफिसच्या कपड्यांत. बोट फिरल्याचं त्याला इंटरनेटवर कळलं होतं. आमची बोचकी बघून त्याचा चेहरा बदलला, पण हसला नाही, हे मी त्याच्या बाजूला जमा धरते.

“दमलीस?” त्याने विचारलं.

“नाही.”

“चल घरी. तू प्रयत्न केलास, आई. पैज म्हणजे पैज. आज सही करून टाक, मी उद्या पाठवतो.”

“पैज मी हरले,” मी म्हणाले. “सही करणार नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे लबाडी करतेय म्हण. शब्द फिरवतेय म्हण. पण करणार नाही. आज नाही, उद्या नाही; बोट लागली असती तरी तू फॉर्म फाडलास म्हणून ते घर माझं ठरलं नसतं. मी पैज लावली तीच चूक. माझ्या घरात मी राहायचं की नाही, हे बोट ठरवणार? का तू?”

“मला भीती वाटते, आई.” तो मोठ्याने बोलला, चारचौघांत. “तुला कळत नाही का? मी इथे साडेतीन तास पुढे असतो. तुझ्या पहाटे माझं ऑफिस सुरू झालेलं असतं. रोज बसल्या बसल्या मी विचार करतो, आता उठली असेल का. पडलीस तर?”

“पडेन.”

“आणि कुणी आलंच नाही तर?”

खोटं बोलायची इच्छा नव्हती. “तर नाही आलं,” मी म्हणाले. “ती भीती तुझी आहे, बाळा, आणि ती खरी आहे. पण तुला झोप लागावी म्हणून मी पुण्याला जाऊन भजनं म्हणायची, हे मला जमणार नाही.”

तेवढ्यात विहीणबाईंच्या पर्समधला फोन वाजला. त्यांनी स्क्रीन बघितली. “अकरा मिस कॉल,” म्हणाल्या आणि उचलला. “हो. … नाही, घरी नाही. समुद्रात होती. … समुद्र माहीत नाही का तुम्हाला? … उद्या पण राहीन. ताट बाई वाढेल, ती पगार कशाचा घेते!” आणि त्यांनीच फोन ठेवला.

फावडंवाली म्हातारी खिडकीपाशी पोचली होती. चापून भांग पाडलेला माणूस तिच्या जुन्याच तिकिटावर उद्याची तारीख टाकत होता. मी कौस्तुभला तिथेच सोडलं आणि जाऊन तिच्या मागे उभी राहिले. माझ्या मागे विहीणबाई. दोन मिनिटांनी वळून बघितलं तर कौस्तुभ दोन्ही बोचक्यांवर हात ठेवून, सामान राखत बसला होता.

दुसऱ्या दिवशीही बोट फिरली. आम्ही संध्याकाळी घरी येऊन पोळ्या लाटल्या. कौस्तुभ झोपायला जाताना म्हणाला, “उद्या लाट दीड मीटर आहे. लागेल.” तिसऱ्या दिवशी लागली.

बेटावर बघण्यासारखं काही नव्हतं. एक रस्ता, चौदा किलोमीटरचा, बेटाला फिरून आपल्यापाशीच परत येणारा. एक दुकान, बंद. बटाट्यांची वावरं. वाऱ्याने विहीणबाईंचा पदर सुटून वर जायचा आणि त्या एका हाताने तो धरून, एका हाताने सायकल चालवायच्या. डबलसीटचं खोटं नव्हतं. आम्ही त्या रस्त्याला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीची काही गरज नव्हती.

परत आल्यावर कौस्तुभने विचारलं, “काय होतं तिथे?”

“काही नाही.”

“मग तीन दिवस कशाला गेलात?”

“कुणी म्हटलं, तिथे कुणी जात नाही, म्हणून.”

चार्ज देऊन मी कराडला परत आले. त्यानंतर दोनदा पडले. एकदा अंगणात, त्याचं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा परवाच्या मार्गशीर्षात, जिन्यात. मनगट मोडलं. शेजारची आशाबी आली, पण येईपर्यंत तासभर गेला, आणि तो तास मी काही शूरपणाने काढला नाही, हेही लिहून ठेवते. रडले. सगळ्यांना हाका मारल्या. कौस्तुभलाही मारली.

संध्याकाळी व्हिडिओवर तो दिसला. त्याने तो फॉर्म फाडलेला नाही हे मला माहीत होतं. माझाच मुलगा, कागद ठेवणारा. त्याचेही केस आता कानाजवळ पांढरे झालेत. त्याने माझ्या गळ्यातल्या झोळीकडे बघितलं.

“आई,” तो म्हणाला, “आता तरी सही करशील?”

मी प्लॅस्टरमधला उजवा हात कॅमेऱ्यासमोर धरला.

“कशाने करू?”